एकनाथांचा देव : एक की अनेक?

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या स्मरणिकेत एका तरी थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा रिवाज आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले तेव्हा दूरची माणसे शोधावी असे मला वाटले नाही. आपल्या फुलंब्रीहून संभाजीनगर ओलांडून पुढे गेले की सुमारे ८० किलोमीटरवर पैठण लागते. दुसऱ्या अंगाने खुलताबादकडे वळले की शूलीभंजनाचा डोंगर आणि पलीकडे देवगिरीचा किल्ला. या दोन टोकांच्या मधे ज्यांचे सारे आयुष्य गेले, ते संत एकनाथ महाराज आपल्याच जिल्ह्यातले, आपल्याच मातीतले. त्यांच्या पत्नीचे नाव गिरिजाबाई, आणि आपल्या तालुक्यातून वाहणारी नदीही गिरिजाच. तेव्हा हे घरचेच चरित्र समजून वाचावे.

मात्र नाथांचे सगळे चरित्र सांगण्याचा माझा बेत नाही. कावडीतले गंगोदक तहानेल्या गाढवाला पाजल्याची कथा आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मला नाथांना एक प्रश्न विचारावयाचा आहे. आपल्या देवघरात इतके देव आहेत. गणपती आहे, अन्नपूर्णा आहे, बाळकृष्ण आहे, कुळाचा खंडोबा नाहीतर तुळजाभवानी आहे. आणि शेजारीच अशी घरे आहेत की जेथे देव एकच, त्याला आकार नाही, मूर्ती नाही. या दोन श्रद्धांपैकी खरी कोणती? आणि दोन्ही खऱ्या असतील तर त्या एकमेकींशी बोलणार कशा? हा प्रश्न आजचा वाटला तरी चारशे वर्षांपूर्वी पैठणास तो असाच रोज उभा होता, आणि नाथांनी तो टाळला नाही.

नाथांचा जन्म साधारणपणे १५३३ सालचा धरतात. वडिलांचे नाव सूर्यनारायण, आईचे रुक्मिणीबाई. दोघेही लवकर गेले आणि आजोबा चक्रपाणी व आजी यांनी मुलाला वाढविले. पणजोबा भानुदास हे मोठे विठ्ठलभक्त. विजयनगरच्या राजाने नेलेली पंढरपूरची मूर्ती त्यांनी परत आणली, अशी वारकऱ्यांची परंपरा सांगते. म्हणजे एका देवाच्या एका मूर्तीसाठी जिवाचे रान करणारे हे घराणे. मूर्ती म्हणजे निव्वळ दगड, असे या घरातल्या मुलाला कोणी सांगितले असते तर त्याला ते पटले नसते.

परंतु ज्या काळात तो वाढला तो काळ निराळा होता. पैठण, देवगिरी हा सगळा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता. सत्ता मुसलमान सुलतानाची, दप्तरात फारसी, बाजारात मराठी आणि दखनी यांची सरमिसळ. खुलताबाद येथे बुऱ्हाणुद्दीन, जैनुद्दीन अशा थोर अवलियांचे दर्गे त्याआधीच दीड-दोनशे वर्षांपासून उभे होते. तेथून जवळच वेरूळचा घृष्णेश्वर, आणि तेथेच बौद्ध, हिंदू व जैन अशा तिन्ही धर्मांची लेणी एका डोंगरात शेजारी शेजारी कोरलेली. आपल्या या टापूतल्या माणसाला दुसऱ्याचा देव पाहण्यासाठी कोठे लांब जावे लागत नाही. तेव्हाही लागत नव्हते.

बारा वर्षांचे असतानाच नाथ घर सोडून देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले, असे सांगतात. जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे, आणि त्या वेळी निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार. दिवसा किल्ल्याचा कारभार आणि पहाटे दत्ताची उपासना, असा त्यांचा क्रम होता. ते गुरुवारी ध्यानास बसत म्हणून गडावर शुक्रवारऐवजी गुरुवारची सुटी सुलतानाने मान्य केली होती, अशी आख्यायिका आहे. तिचे पुरावे कोणी मागू नयेत. परंतु अशी गोष्ट लोकांना खरी वाटावी इतका सलोखा तेथे होता, एवढे तिच्यावरून कळते.

काही अभ्यासकांच्या मते जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले नावाचे सत्पुरुष होते, आणि त्यांचा संबंध सूफी परंपरेशी होता. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी योगसंग्राम हा मराठी ग्रंथ लिहिला, तेही चांद बोधल्यांचेच शिष्य. हे मत सर्वांना मान्य नाही; संप्रदायात दत्तात्रेय हेच जनार्दनस्वामींचे गुरू मानले जातात. पण नाथांच्या चरित्रात एक प्रसंग येतो तो सर्वांनाच मान्य आहे. जनार्दनस्वामींना भेटावयास दत्तात्रेय आले ते मलंगाच्या, म्हणजे मुसलमान फकिराच्या वेषात. आणि कोवळ्या एकनाथाला प्रथम ते ओळखू आले नाहीत. ही कथा नीट पाहिली म्हणजे नाथांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली हाती येते. देव आपल्या ओळखीच्या रूपातच येईल असा हट्ट धरणाऱ्याला तो दारात उभा असूनही दिसत नाही, असा तिचा अर्थ मला लागतो.

किल्ल्यावर नाथांकडे हिशेबाचे काम होते. एका रात्री एका पैची चूक लागेना म्हणून ते दिवा लावून उजाडेपर्यंत बसले, आणि चूक सापडताच आनंदाने टाळ्या पिटल्या. ते पाहून गुरूंनी त्यांना परमार्थाकडे वळविले, अशी कथा आहे. मंडळाच्या जमाखर्चात चार आणे कमी पडले की आपण कशा हवालदिल होतो ते आठवले म्हणजे ही गोष्ट पटते. त्यानंतर शूलीभंजनाच्या डोंगरावर त्यांनी तप केले. मग गुरूंबरोबर नाशिक-त्र्यंबकेश्वराची यात्रा झाली आणि तेथेच त्यांच्या हातून चतुःश्लोकी भागवताची टीका झाली. पुढे तीर्थयात्रा करून ते पैठणास आले, गुरूंच्या आज्ञेने तेथेच राहिले आणि गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

येथून नाथांचा संसार सुरू झाला, आणि आपल्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे. पुष्कळ संतांच्या चरित्रात पत्नी त्रासलेली दिसते. येथे तसे नाही. कोणी एक ब्राह्मण नाथांना राग आणून दाखविण्याची पैज लावून घरी आला आणि वाढत असलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढून बसला. पाहुणा पडणार नाही असे बेताने वाक, असे नाथांनी सांगितले. आणि मुलाला पाठीवर घेऊन काम करण्याची आपल्याला सवयच आहे, असे त्या माउलीने हसून उत्तर दिले. ही व अशा कथा आपल्याला मुख्यतः ताहराबादच्या महिपतींनी सांगितल्या. त्यांचा भक्तिविजय १७६२ सालचा आणि भक्तलीलामृत १७७४ सालचे, म्हणजे नाथांनंतर पावणेदोनशे वर्षांनी. तेव्हा त्या इतिहास म्हणून नव्हे, तर लोकांनी नाथांना कसे आठवले याची साक्ष म्हणून घ्याव्या.

अशीच दुसरी कथा गोदावरीच्या वाटेवरची. स्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक मुसलमान थुंकला. नाथ मागे फिरले आणि पुन्हा स्नान करून आले. तो पुन्हा थुंकला. असे १०८ वेळा झाले. शेवटी तो शरमला आणि नाथांनी त्याचेच आभार मानले, कारण त्याच्यामुळे एका दिवसात १०८ वेळा गंगास्नान घडले होते. ही कथा सांगताना काहीजण त्या माणसाच्या धर्मावर बोट ठेवतात. मला वाटते की तसे करणाराला कथा कळली नाही. नाथांच्या घरी गोंधळ घालणारा ब्राह्मण होता आणि वाटेवर त्रास देणारा मुसलमान होता. दोघांशीही नाथ सारखेच वागले. दुष्टपणाला जात नाही आणि क्षमेलाही नाही, एवढेच त्या कथांत आहे.

नाथांचे ग्रंथकार्य अफाट आहे. रुक्मिणी स्वयंवर १५७१ साली पूर्ण झाले. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील टीका, जी आपण एकनाथी भागवत म्हणतो, ती पैठणास सुरू होऊन १५७३ साली काशीस संपली. संस्कृतातले ज्ञान प्राकृतात आणले म्हणून काशीच्या पंडितांनी प्रथम विरोध केला आणि नंतर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली. ज्ञानेश्वरांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. भावार्थ रामायण मात्र त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि ते पुढे गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले. या सर्वांबरोबर अभंग, गौळणी आणि भारुडे आहेतच. शेवटी जी आरती आपण दत्तजयंतीला घरोघर म्हणतो तीही नाथांचीच. तीन शिरे असलेला एक देव! एक आणि अनेक यांचे कोडे नाथांच्या उपास्य दैवतातच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आमच्या शिवणवर्गात हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घरच्या भगिनी येत. एका दुपारी कोणी तरी सहज विचारले की देव जर एकच आहे तर तुम्हाला इतके कशाला लागतात. लगेच दुसरीने विचारले की देव एकच आणि निराकार, तर मग उरुसाला दर्ग्यावर चादर कशासाठी. विचारणाऱ्या दोघी मैत्रिणी होत्या आणि प्रश्न थट्टेतच निघाले होते. पण घटकाभर सगळी यंत्रे थांबली आणि कोणी कोणाकडे पाहीना. त्या दिवशी मला ठाऊक असते तर मी सांगितले असते, की हे दोन्ही प्रश्न नाथांनी शब्दशः नव्हे पण याच अर्थाने एका रचनेत मांडून ठेवले आहेत. त्या रचनेचे नाव हिंदु-तुर्क संवाद. त्या काळी मुसलमानाला तुर्क म्हणत, म्हणून हे नाव.

ही रचना म्हणजे एक छोटे नाटकच आहे. एक ब्राह्मण आणि एक मुसलमान यांची वाटेवर गाठ पडते आणि कडाक्याचे भांडण जुंपते. ब्राह्मण मराठीत बोलतो आणि तुर्काच्या तोंडी दखनी हिंदी आहे. जशी पैठणच्या बाजारात ऐकू येत असेल तशीच. नाथ आरंभीच सांगून टाकतात की दोघांना पोचावयाचे ठिकाण एकच आहे, वाटा तेवढ्या निराळ्या. परंतु एवढे सांगून ते थांबत नाहीत. ते दोघांना मनसोक्त भांडू देतात. कोणाच्याही तोंडावर हात ठेवीत नाहीत, हे मला त्या रचनेतले मोठे धैर्य वाटते.

तुर्क विचारतो की हिंदूंचे देव तरी कसले. ब्रह्मदेवाच्या कथा सांगावयास लाज वाटावी अशा. विष्णू बळीच्या दारी भिक्षा मागणारा. रामाची बायको रावणाने पळविली आणि ती सोडविण्यास त्याला वानरे गोळा करावी लागली. सारे देव रावणाच्या बंदीत पडले. ज्याला स्वतःला सोडविता येत नाही तो भक्ताला काय सोडविणार? दगड मांडावा आणि त्याच्यापुढे स्त्रीपुरुषांनी लोळण घ्यावी, हे कसले ज्ञान? शिवाय सोवळ्याओवळ्याचा आणि एकमेकांच्या हातचे न जेवण्याचा जो बडेजाव हिंदू करतात, त्यावरही तो कोरडे ओढतो.

हिंदू गप्प बसत नाही. देव सर्वत्र भरलेला आहे हे तुम्हीही म्हणता, मग नमाजाला पश्चिमेकडेच तोंड का? बाकीच्या दिशा काय त्याच्यावाचून रिकाम्या आहेत? तो जर जवळच आहे तर इतक्या मोठ्याने हाक कशासाठी? मूर्तीचा दगड वाईट, तर कबरीच्या दगडावर फुले आणि ऊद का? कोंबडी मारता, पण तिला परत जिवंत कोण करणार? आणि सर्वांत टोकदार प्रश्न धर्मांतराचा. हिंदूला मुसलमान करावयाचे म्हणजे त्याला हिंदूच्या घरी जन्माला घालताना देव चुकला असे म्हणावयाचे. मग देवापेक्षा तुम्ही अधिक शहाणे ठरलात की काय?

भगिनींनो, हे प्रश्न सौम्य नाहीत. आज कोणी ते चौकात विचारले तर काय होईल याची कल्पनाही नको. परंतु नाथांच्या संवादाचा शेवट दंग्यात होत नाही. भांडता भांडता दोघांच्याही लक्षात येते की आपण ज्याच्याविषयी भांडत आहोत तो एकच आहे. हिंदूही त्याचाच आणि मुसलमानही त्याचाच. दोघे एकमेकांना नमस्कार करतात आणि कडकडून भेटतात. भांडण झाले ते ऐक्य पक्के करण्यासाठी, असा नाथांचा निर्वाळा आहे. अमेरिकेतल्या एलिनॉर झेलियट या विदुषींनी या संवादाचे इंग्रजी भाषांतर करून १९८२ साली ते जगापुढे ठेवले. दूरच्या विद्यापीठांत तो वाचला जातो, आणि तो जेथे जन्मला त्या जिल्ह्यात आपण तो वाचीत नाही.

याच सुमारास उत्तरेत बादशहा अकबराने फत्तेपूर सिक्री येथे १५७५ साली इबादतखाना बांधविला आणि निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांना तेथे चर्चेस बसविले. तो दरबार, तेथे वाद करणारे मोठमोठे विद्वान. नाथांचा संवाद मात्र भारुडाच्या अंगाने लिहिलेला, चार लोकांपुढे सोंग घेऊन म्हणावयाचा. तेली, तांबोळी, मोलकरीण सर्वांना कळेल असा. बादशहाचा तो वाडा त्याच्याबरोबर ओस पडला. नाथांची भारुडे अजून नाथषष्ठीला रंगतात.

आता दोन्ही श्रद्धा मी माझ्या अल्पमतीने शेजारी शेजारी ठेवून पाहते. एकच देव मानण्यात मोठे बळ आहे. देव एक म्हणजे त्याच्यापुढे सर्व माणसे सारखी. तो लाच घेत नाही, नवसाने विकला जात नाही, एकाचा देव दुसऱ्याच्या देवावर चालून जात नाही. मशिदीत रांग लागते तेव्हा धनी आणि नोकर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. मुसलमानी धर्मात देवाला भागीदार जोडणे हे सर्वांत मोठे पाप मानतात, ते यासाठी. आपण हे ध्यानात घेतले तर शेजारीण आपल्या देवाचा प्रसाद का घेत नाही याचा राग येणार नाही. तो आपला अपमान नसून तिच्या देवाशी तिचे इमान आहे.

अनेक देव मानण्यातही तितकाच मोठा अर्थ आहे. माणसे सारखी नसतात. त्यांचे प्रेमही सारखे नसते. कोणाला देव मुलासारखा हवा, कोणाला आईसारखा, कोणाला रक्षण करणारा. बाळंतिणीला सटवाई आठवते, शेतकऱ्याला पोळ्याचा बैल, विद्यार्थ्याला गणपती. देव इतका मोठा, की तो एका रूपात कसा मावेल, असा या श्रद्धेचा प्रश्न आहे. आणि तिच्यात स्त्रीलाही देव म्हणून जागा आहे. भवानीपुढे हात जोडणाऱ्या बाईला देवाच्या ठिकाणी आपलेच रूप दिसते, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या श्रद्धेचा रोग नाथांना पक्का ठाऊक होता. शेंदूर फासलेल्या धोंड्यांना भिऊन राहणे, मरीआईला बोकड कापणे, नवस आणि उतारे यांत घर बुडविणे, यांवर त्यांनी अभंगांतून कडक टीका केली. पण गंमत अशी, की टीका करून त्यांनी ते देव टाकून दिले नाहीत. गोंधळी, वासुदेव, वाघ्या, मुरळी, पोतराज, जोशी, अगदी फकीर आणि दरवेशसुद्धा त्यांनी भारुडांत आणले. जोगवा मागणारी बाई नाथांच्या रचनेत भवानीकडे जो जोगवा मागते तो ज्ञानाचा आणि भक्तीचा; टाकावयाचे ते राग आणि दंभ. देवी तीच, परडी तीच, मागणे तेवढे बदलले. अनेक देवांच्या देव्हाऱ्यातून एकाच देवाकडे जाणारी वाट त्यांनी अशी काढली, की साध्या बाईला आपले काही हिरावून घेतले असे वाटू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नाथांचा एक आणि मुसलमानांचा एक हे अगदी एकच नव्हेत. नाथ अद्वैती, त्यांच्या मते देवावाचून दुसरे काही नाहीच, म्हणून दगडातही तोच आणि माणसातही तोच. मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे निर्माण करणारा निराळा आणि निर्माण झालेले निराळे. दगडाला देव म्हणणे त्यांना कधीच मान्य होणार नाही. शिवाय संवादातली लेखणी नाथांच्या हातात आहे. तुर्काची बाजू खऱ्या मौलवीने मांडली असती तर ती कदाचित निराळी झाली असती आणि शेवटची मिठी इतक्या लवकर पडली नसती. हे मान्य करूनही नाथांचा मोठेपणा कमी होत नाही. प्रतिपक्षाच्या तोंडी आपल्याच देवांवरचे इतके बोचरे प्रश्न घालणे, आणि ते आपल्या हाताने लिहून काढणे, हे किती जणांना जमेल?

आणि एकेश्वराची कल्पना बाहेरून आलेली आहे असेही समजू नये. नाथांच्या आधी तीनशे वर्षे याच पैठणास चक्रधरस्वामी राहून गेले. त्यांच्या महानुभाव पंथात देवता पुष्कळ मानल्या आहेत, पण मोक्ष देणारा परमेश्वर एकच, देवता तो देऊ शकत नाहीत, अशी शिकवण आहे. अलीकडच्या काळात १८६७ साली मुंबईस प्रार्थना समाज निघाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशा मंडळींनी मूर्ती बाजूला ठेवून एका ईश्वराची उपासना सुरू केली. परंतु प्रार्थनेत गावयाचे तेव्हा त्यांना संतांचेच अभंग लागले. इकडे रमाबाई रानडे यांच्या घरी पतीची नवी मते आणि वडीलधाऱ्या बायकांचे सोवळे यांत त्यांची किती ओढाताण झाली, ते त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. धर्माचे वाद पुरुष सभांत करतात. त्यांची झळ मात्र स्वयंपाकघरात लागते.

नाथांच्या घरीही ती लागली. पुत्र हरिपंडित मोठे शास्त्री झाले. वडिलांनी प्राकृतात सांगावे, वाटेल त्याच्या घरी जेवावे, हे त्यांना रुचेना आणि ते रुसून काशीस निघून गेले. श्राद्धाचा स्वयंपाक दारावरून जाणाऱ्या भुकेल्या महारांना वाढल्याबद्दल पैठणच्या ब्राह्मणांनी घरावर बहिष्कार घातला, असेही कथा सांगतात. तो स्वयंपाक रांधला गिरिजाबाईंनी, वाढला गिरिजाबाईंनी आणि नंतर पुन्हा चूल पेटविली तीही गिरिजाबाईंनीच. नाथांचे अद्वैत त्या घरात असे रोज शिजत होते. पुढे हरिपंडित परतले. आणि नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर हा मराठीतला मोठा कवी झाला.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. लगेच पुढच्या वर्षी अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि ज्या राजवटीत नाथ जगले तिला उतरती कळा लागली. पैठणास गावातला नाथांचा वाडा आणि नदीकाठची समाधी आजही आहे. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि त्या जलाशयाला नाथसागर नाव मिळाले. १९३५ साली प्रभातने नाथांवर बोलपट काढला, त्यात बालगंधर्वांनी नाथांची भूमिका केली. त्याचे महात्मा हे नाव सेन्सॉरने चालू दिले नाही म्हणून तो धर्मात्मा या नावाने आला. नाथांनी आपली खूण म्हणून प्रत्येक रचनेच्या शेवटी स्वतःचे एका हे नाव गुरूंच्या नावाला जोडून ठेवले. एका म्हणजे एकनाथ, आणि एका म्हणजे एकही. हजारो रचनांत शेकडो देवांची वर्णने, आणि प्रत्येकीच्या शेवटी तो एक.

माझ्यापुरते मला नाथांकडून उत्तर मिळाले आहे. देव मोजण्याने धर्म ठरत नाही. एक मानणारा कठोर असू शकतो आणि अनेक मानणारा भित्रा. एक मानणारा न्यायी असतो आणि अनेक मानणारा मायाळू. आपल्या श्रद्धेने आपण अधिक निर्भय झालो का, आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाला ओळखू शकलो का, ही दोन मापे नाथांच्या चरित्रातून निघतात. शेजारणीशी या विषयावर बोलावे की न बोलावे, असा संकोच पुष्कळजणींना असतो. नाथ सांगतात की बोलावे. अगदी वाद घालावा. पण उठण्याची घाई करू नये. भेट होईपर्यंत बसून राहावे.

मंडळाला एक सूचना करते. येत्या नाथषष्ठीच्या आधी एखाद्या बुधवारी नेहमीच्या भजनाऐवजी हा संवाद दोघींनी दोन बाजू वाटून घेऊन मोठ्याने वाचावा, आणि शिवणवर्गातल्या सर्व भगिनींना त्यासाठी अगत्याने बोलवावे. दखनी बोली वाचण्यास त्यांतल्याच कोणी बसल्या तर आपल्यापेक्षा चांगले वाचतील. मंडळाचे पुढील वर्ष सर्वांना सुखासमाधानाचे जावो, ही नाथांच्या चरणी प्रार्थना.